दारावर डकवलेलं समन्स

गुरुवारी दुपारी ती आली तेव्हा तिच्या हातात साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी होती. पिशवी टेबलावर ठेवून तिनं ओढणीला हात पुसले. पिशवी कोरडी होती.

"ताई, उद्या तारीख आहे म्हणे. नाही गेले तर पोरगं जातंय माझ्याकडून."

तारीख उद्या नव्हतीच. पण ते कळायला अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात पिशवीतून जे निघालं, त्यावर पुढचे कित्येक महिने काम चाललं.

मी साताऱ्यात कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांत बायकांसोबत कागदपत्रांचं काम करते. मी वकील नाही. कागद लावून देणं, तारखा लिहून ठेवणं, पोलीस ठाण्यात आणि कोर्टात सोबत जाणं, एवढं माझं काम. हे प्रकरण तिला विचारून लिहिते आहे. नावं नाहीत, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तिचं माहेर कोरेगाव तालुक्यात, सासर कोल्हापुरात. नवरा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला. वय एकतीस, पदरात सहा वर्षांचा मुलगा. मारहाणीला कंटाळून ती माहेरी आली आणि कोरेगावच्या कोर्टात २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज केला. लोक त्याला नुसतं 'डीव्हीची केस' म्हणतात. चौदा महिन्यांपूर्वी तिथून नवरा आणि दीर या दोघांविरुद्ध संरक्षण आदेश झाला. समोरासमोर, तोंडी, लेखी, फोनवर किंवा मोबाइलवर, कोणत्याच मार्गानं तिच्याशी संपर्क करायचा नाही आणि तिच्या कामाच्या ठिकाणी जायचं नाही. मुलाचा तात्पुरता ताबा तिच्याकडे. त्यानंतर ती साताऱ्यात एका पतसंस्थेत क्लार्क म्हणून लागली, एक खोली भाड्यानं घेतली आणि मुलाला शाळेत घातलं. चौदा महिने शांततेत गेले.

मग तीन दिवसांत तीन वेळा कागद आला. नवऱ्यानं कोल्हापूरच्या कोर्टात घटस्फोटाचा दावा लावला होता, त्याचे ते कागद, हे आम्हाला नंतर कळलं.

सोमवारी रात्री अनोळखी नंबरवरून व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. खाली एक ओळ: कोर्टाची कागदं आहेत, शुक्रवारी तारीख आहे, आली नाहीस तर पोरगं माझ्याकडं. मंगळवारी दीर पतसंस्थेच्या काउंटरवर येऊन उभा राहिला. हातात जाड पाकीट. "हमदस्त आणलंय, सही कर." हमदस्त म्हणजे कोर्टाच्या परवानगीनं दावेदारानं स्वतः हातोहात पोचवायचं समन्स. तिनं सही केली नाही. पाकीट काउंटरवर टाकून तो निघून गेला. शिपायानं ते उचलून तिच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं, पण तिनं उघडलं नाही. बुधवारी कोरेगाव कोर्टाचा बेलीफ तिच्या माहेरी गेला. वडील म्हणाले, "आमच्या दारात कसला कोर्टाचा कागद? घेत न्हाई जा." बेलिफानं समन्स दाराला डकवलं, शेजाऱ्याचं नाव लिहून घेतलं आणि गेला. वडिलांनी रागाच्या भरात ते ओरबाडून काढलं. कागद हातात आला, पण खालचा कोपरा दारालाच चिकटून राहिला. तारीख त्या कोपऱ्यावर होती.

म्हणजे गुरुवारी तिच्याकडे तीन तऱ्हेनं आलेले कागद होते. त्यांतल्या एकाही कोर्टाच्या कागदावरची तारीख तिनं स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेली नव्हती. तारीख फक्त नवऱ्यानं सांगितली होती.

*

असा कागद आला की बायका दोनपैकी एक करतात. एक तर घाबरून घेतच नाहीत, नाहीतर घाबरून त्यालाच फोन लावतात. पहिल्या चुकीत माझाही हात होता. कामाला लागले त्या सुरुवातीच्या दिवसांत एका बाईला मी म्हणाले होते, "आपल्याकडे आदेश आहे ना, मग नाही घ्यायचा त्याचा कागद." तिनं पोस्टमनला परत पाठवलं. पाकिटावर 'घेण्यास नकार' असा शेरा पडला. कोर्टानं बजावणी झाली असं धरलं आणि निकाल एकतर्फा लागला. तो रद्द करून घ्यायला अर्ज करायची मुदत ३० दिवस. ते दिवस गाठता गाठता तिची आणि माझी काय अवस्था झाली, ते मी विसरू शकत नाही. तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगते. कोर्टाचा कागद हा कोर्टाचा असतो. तो त्याच्या अर्जावर निघाला असला तरी त्याचा नसतो. संरक्षण आदेशानं त्याच्यावर बंधन येतं, कोर्टावर येत नाही. घटस्फोटाचा दावा लावायचा त्याला हक्क आहे. बेलीफ आणि पोस्टमन यांच्याकडून कागद घ्यायचा, तारीख वाचायची आणि उत्तर कोर्टाला द्यायचं. पण त्या कागदाबरोबर त्यानं स्वतःचं जे काही चिकटवलेलं असेल, ते मात्र त्याचं. ते वेगळं काढायचं आणि त्याचं उत्तर पोलिसांकडे आणि मॅजिस्ट्रेटसमोर.

हमदस्ताचं थोडं निराळं आहे आणि ते नीट कळणं गरजेचं आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५ मधल्या नियम ९अ प्रमाणे कोर्ट दावेदाराला स्वतः समन्स पोचवायची परवानगी देऊ शकतं, आणि तीसुद्धा कोर्टामार्फत होणाऱ्या बजावणीच्या जोडीला. म्हणून दीरही आला आणि बेलीफही आला. त्यात गडबड काही नव्हती. मात्र कोल्हापूरच्या कोर्टासमोर कोरेगावचा संरक्षण आदेश कुणी ठेवलाच नव्हता. ज्याला तिच्या कामाच्या ठिकाणी पाय ठेवायची मनाई आहे, त्याच्याच हातात समन्स गेलं. हमदस्त नाकारलं तर त्याच नियमात पुढची सोय आहे: कोर्ट ते नेहमीच्या मार्गानं पुन्हा पाठवतं. म्हणजे बेलिफाला नाकारणं आणि दिराला नाकारणं ही एकच गोष्ट नव्हे. काउंटरवर तिनं सही केली नाही हे बरोबर केलं. वडिलांनी बेलिफाला परत पाठवलं ते चुकलं. तिला वाटत होतं नेमकं उलट, की आपण सही न करून गुन्हा केला आणि अण्णांनी आपल्याला वाचवलं.

*

आधी टेबल रिकामं केलं. पिशवीतल्या प्रत्येक वस्तूचा ती जशी होती तशी फोटो काढला. मग पाकीट उघडलं, तिच्याच हातानं, आणि मी फोटो काढत राहिले. वर कोर्टाचं समन्स, शिक्का आणि सही असलेलं. त्यावर तारीख स्पष्ट होती: अजून सतरा दिवस होते. तेवढ्यावर न थांबता ई-कोर्ट्सच्या ॲपवर कोल्हापूर जिल्हा निवडून पक्षकाराच्या नावानं शोध घेतला. दावा सापडला, सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा वेगळा ओळख क्रमांक) मिळाला आणि पुढची तारीख तीच निघाली. हे ॲप फुकट आहे, वकील नसला तरी कुणालाही बघता येतं. "उद्या तारीख" हा निव्वळ दम होता. तिनं ती तारीख तीनदा वाचली. मग पहिल्यांदा पाणी मागितलं.

खाली याचिकेची प्रत. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ खाली क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोट, आणि सोबत मुलाला दर रविवारी कोल्हापूरला न्यायला द्यावं असा अंतरिम अर्ज. शेवटचं एकत्र राहणं कोल्हापुरात, त्यामुळे त्यानं तिथं दावा लावणं कायद्याला धरून होतं. तीस पानं होती. बाराव्या पानानंतर घडी घातलेला वहीचा कागद निघाला आणि त्या घडीत एक फोटो.

अक्षर बघताच तिनं हात पुढे केला. मी म्हणाले, "थांब. वाचायचंच असेल तर वाच, पण धरू नकोस." कागद तसाच पारदर्शक फोल्डरमध्ये सरकवला आणि दोघींनी वरून वाचला. सहा ओळी. पोरासाठी तरी एक फोन कर. मी हे मागं घेतो, तू डीव्हीचं मागं घे. आईला बरं नाही. नाहीतर शाळेत येऊन बसेन, मग बघ.

अशा चिठ्ठ्या मी पुष्कळ वाचल्या आहेत. पहिल्या चार ओळी वाचताना बाईचा चेहरा सैल होतो आणि पाचवीला आवळतो. तिचंही तेच झालं.

फोटो मुलाचा होता, शाळेच्या फाटकाबाहेरचा, लांबून काढलेला. फोटोत नवं काहीच नाही असं मला वाटलं. तिला मात्र दिसलं. "ताई, हे दप्तर जूनमध्ये घेतलंय." मुलाच्या पाठीवर निळं दप्तर होतं आणि त्याच्या चेनला तिनं घरी अडकवलेला लाल गोंडा. गेल्या वर्षीचं दप्तर वेगळं होतं. म्हणजे जूननंतर कुणीतरी साताऱ्यात, त्या फाटकापाशी येऊन गेलं होतं. पुढे अंतरिम अर्जाच्या सातव्या परिच्छेदात ती सध्या साताऱ्यात कोणत्या भागात राहते तेही लिहिलेलं सापडलं. पत्त्याच्या रकान्यात मात्र माहेरचाच पत्ता होता.

म्हणून दाव्याचे कागद दोनदा वाचावेत, असं मी सांगते. पहिल्यांदा उत्तरासाठी: त्यानं काय आरोप केलेत, काय मागितलंय. दुसऱ्यांदा स्वतःच्या सुरक्षिततेसाठी: त्याला आपल्याविषयी काय काय माहीत झालंय. खोली, शाळा, पगार, कामाची वेळ, गाडीचा नंबर. वकील पहिलं वाचन नीट करतात. दुसरं वाचन आपल्यालाच करावं लागतं, कारण नवं दप्तर कुठलं हे वकिलाला कसं कळणार?

संध्याकाळपर्यंत दोन फाइली झाल्या. एका फाइलीत समन्स, याचिका, अंतरिम अर्ज आणि दारावरून फाटून आलेला कागद. दुसरीत व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट, चिठ्ठी, फोटो, पाकीट, आणि मंगळवारी काउंटरवर काय झालं ते तिच्या अक्षरात एक पान, तारीख-वेळ घालून. शिपायाचं आणि शेजारच्या सहकारी बाईंचंही एकेक पान दुसऱ्या दिवशी आलं. त्या बाई भीत होत्या. म्हणून त्यांना सांगितलं की मत लिहू नका, फक्त डोळ्यांनी पाहिलं तेवढं लिहा. सहा ओळींत झालं.

व्हॉट्सॲपच्या मेसेजला तिनं उत्तर दिलं नव्हतं. तीनदा लिहून पुसलं होतं. उत्तर दिलं असतं म्हणून आदेश मोडीत निघाला नसता. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे संरक्षण आदेश ती स्वतः रद्द करायचा अर्ज करेपर्यंत लागू राहतो. घटस्फोटाचा दावा लागला म्हणून तो संपत नाही, आणि ती फोनवर बोलली म्हणूनही संपत नाही. पण उद्या उलटतपासणीत "संपर्क तर बाईच ठेवत होत्या" हे वाक्य येतं आणि ते झटकताना दमछाक होते. मेसेज डिलीट केला नाही, फोन बदलला नाही. मोबाइलमधला पुरावा कोर्टात द्यायचा तर १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं. आणखी एक: "व्हॉट्सॲपवर आलेलं कशाला मोजायचं" या भरवशावर राहू नये. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका दरखास्तीत (निकालाच्या अंमलबजावणीसाठीच्या अर्जात) व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ नोटीस ग्राह्य धरली होती.

*

पोलीस ठाण्यात शुक्रवारी गेलो. ठाणे अंमलदारांनी कागद उलटसुलट केले आणि म्हणाले, "अहो, कोर्टाचीच कागदं दिलीत त्यांनी. यात भंग कसला? एनसी करून देतो." एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद.

त्यांचं अर्धं बरोबर होतं, म्हणूनच मला दोन फाइलींचा एवढा आग्रह असतो. पहिली फाइल आम्ही टेबलावर ठेवलीच नव्हती. मी म्हणाले, "साहेब, समन्सबद्दल तक्रार नाही. ही चिठ्ठी कोर्टानं लिहिलेली नाही. आणि दीर पतसंस्थेत आला, तिथं यायला त्याला आदेशानं मनाई आहे." आदेशाची सही-शिक्क्याची प्रत, त्यातलं संबंधित वाक्य पेन्सिलीनं खूण केलेलं, त्यांच्या समोर धरलं. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे संरक्षण आदेशाचा भंग हा गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद, किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम ३२ प्रमाणे तो दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. म्हणजे एनसीचा प्रश्नच नाही. त्याच कलमात असंही आहे की एकट्या पीडित स्त्रीच्या साक्षीवरही कोर्ट निष्कर्ष काढू शकतं.

त्या दिवशी गुन्हा नोंदला गेला नाही. "साहेब बंदोबस्तात आहेत, सोमवारी या." आम्ही अर्जाची पोच घेतली आणि थेट संरक्षण अधिकाऱ्यांकडे, म्हणजे याच कायद्याखाली सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे, गेलो. त्या कायद्याच्या २००६ च्या नियमांत ही वाट स्पष्ट आहे: भंगाची माहिती संरक्षण अधिकाऱ्याला देता येते, तो ती आदेशाच्या प्रतीसह मॅजिस्ट्रेटकडे पाठवतो, आणि बाईला वाटलं तर ती स्वतः थेट पोलिसांकडे किंवा मॅजिस्ट्रेटकडे जाऊ शकते. तिन्ही दारं उघडी असतात, एक बंद दिसलं म्हणून घरी परत जायचं नाही. संरक्षण अधिकारी बाईंनी त्याच दिवशी पत्र तयार केलं. गुन्हा मंगळवारी नोंदला गेला. मधल्या चार दिवसांत ती मुलाला घेऊन माहेरी राहिली आणि पतसंस्थेनं रजा दिली. त्या संस्थेच्या मॅनेजरनी एका शब्दानं विचारलं नाही की हे लफडं आमच्या दारात का आलं. हे मुद्दाम लिहिते, कारण अशा वेळी नोकरी जाते ती बहुतेक याच प्रश्नावरून.

भंगाच्या तक्रारीत आम्ही एक गोष्ट जाणूनबुजून घातली नाही. पोटगीचे तीन महिन्यांचे पैसे थकले होते आणि तिचे वडील म्हणत होते तेही टाका. पण कलम ३१ संरक्षण आदेशाच्या भंगासाठी आहे. थकलेल्या पैशांची वसुली वेगळी मागावी लागते. सगळं एकात कोंबलं की मुख्य मुद्दा बुडतो.

शाळेचं काम सर्वांत आधी व्हायला हवं होतं, ते शनिवारी झालं. आदेशात शाळेचा उल्लेख नव्हता. आदेश झाला तेव्हा मुलगा साताऱ्यातल्या शाळेत नव्हताच. मुख्याध्यापकांना आदेशाची प्रत आणि मुलाला कोण न्यायला येईल त्या तीन माणसांची नावं, फोटोसह, लेखी दिली. आणि कोरेगावच्या कोर्टात अर्ज केला की परिस्थिती बदलली आहे, म्हणून कलम २५ खाली आदेशात शाळा आणि शाळेचा परिसर जोडावा. चिठ्ठीतली पाचवी ओळ आणि लाल गोंड्याचा फोटो, याच दोन गोष्टी त्या अर्जाला पुरल्या. अंतरिम आदेश पहिल्याच सुनावणीत मिळाला.

*

आता कोल्हापूर. वकील कुठून आणायचा हा तिचा दुसरा प्रश्न होता. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. नोकरी आहे म्हणून मिळणार नाही, असं तिला पतसंस्थेत कुणीतरी सांगितलं होतं, ते चूक होतं. साताऱ्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज दिला, तो कोल्हापूरला गेला आणि तारखेच्या सहा दिवस आधी तिथल्या वकील बाईंचा फोन आला. ज्यांना कुठे जायचं तेच कळत नाही त्यांच्यासाठी १५१०० हा नंबर आहे.

दुसऱ्या एका वकिलांनी सुचवलं होतं की बजावणीच चुकीची झाली असं म्हणूया. ती माहेरी राहत नव्हती, दारावर डकवलेलं समन्स तिला लागू कसं? मुद्दा सुचायला बरा आहे. पण तिला दावा माहीत झाला होता, तारीख माहीत झाली होती आणि हातात सतरा दिवस होते. अशा वेळी बजावणीतल्या निव्वळ त्रुटीवर पुढे एकतर्फा हुकूमनामाही रद्द होत नाही, संहितेच्या आदेश ९ नियम १३ मध्येच तसं लिहिलंय. भांडायचं तिथं भांडावं. इथं हजर राहणंच शहाणपणाचं होतं.

पहिल्या तारखेला ती स्वतः गेली नाही. वकील बाईंनी वकीलपत्र दाखल केलं, कैफियतीसाठी, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तरासाठी, मुदत मागितली (समन्स मिळाल्यापासून ३० दिवस, कोर्ट कारण नोंदवून ९० पर्यंत वाढवू शकतं) आणि एक अर्ज दिला. त्यातल्या मागण्या आम्ही आदल्या आठवड्यात बसून लिहिल्या होत्या. इथून पुढे कोणताही कागद वकिलांकडेच द्यावा, पक्षकारानं किंवा त्याच्या माणसानं हातात नेऊन देऊ नये. समुपदेशकाकडे दोघांना एकत्र बसवू नये. तिचा राहता पत्ता कागदोपत्री येऊ नये, वकिलांचा पत्ता पुरेसा धरावा. सोबत कोरेगावच्या आदेशाची नक्कल. न्यायाधीशांनी आदेश वाचला, नवऱ्याच्या वकिलांना विचारलं, "हे याचिकेत का नाही?" आणि पहिल्या दोन मागण्या मंजूर असल्याचं रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या कामकाजाच्या नोंदीत, लिहिलं. रोजनाम्याची नक्कल काढून आणली. ती त्या दोन फाइलींपैकी पहिलीत सर्वांत वर आहे.

पत्त्याचा मुद्दा सुटायला वेळ लागला, आणि इथं सावध राहावं लागतं. पोटगीचा विषय निघाला की सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालाप्रमाणे दोघांनाही मालमत्ता आणि उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यात नोकरी कुठे, पगार किती, बँकेचं खातं, राहण्याचा पत्ता, सगळं येतं. त्याची प्रत समोरच्याला जाते. ज्या माणसापासून खोली लपवली, त्याच्या हातात आपणच सहीनिशी पत्ता देऊन बसतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली दावाखर्चाचा अर्ज करताना तिच्या लक्षातही हे आलं नव्हतं. प्रतिज्ञापत्र खरंच भरायचं, एक ओळही खोटी लिहायची नाही. पण पत्ता आणि खात्याचा तपशील बंद पाकिटात फक्त कोर्टाला द्यायची परवानगी आधी मागायची, आणि ती मिळेपर्यंत प्रतिज्ञापत्र दाखल करायचं नाही. तिला परवानगी मिळाली. सगळ्यांना मिळेलच असं नाही, पण न मागता तर कुणालाच मिळत नाही.

दर रविवारच्या भेटीच्या मागणीवर काय म्हणायचं, हे तिनं ठरवलं. आमच्यात यावर वाद झाला. वडील म्हणत होते एक मिनिटसुद्धा नाही. मला स्वतःला चिठ्ठी आठवत होती. ती म्हणाली, "पोरगा बाबांचं विचारतो. मी त्याला नाही म्हणू शकत नाही, पण ह्याचा फोन मी उचलणार नाही." कैफियतीत तेच आलं, कायद्याच्या भाषेत. कोर्टानं तूर्त महिन्यातून एकदा दोन तास, कोर्टाच्या आवारातच, असा आदेश केला. मुलाला घेऊन आजोबा जातील आणि काही बदल असेल तर तो वकिलांनीच वकिलांना कळवायचा. ही शेवटची ओळ आम्ही मागून घेतली होती. ती नसती तर "भेटीची वेळ विचारायला फोन केला" या नावाखाली संरक्षण आदेशाला भोक पडलं असतं. भेटीचा आदेश आणि संपर्कबंदीचा आदेश एकमेकांशी भांडतील, अशी मोकळी जागा ठेवायची नाही.

दावा साताऱ्याला वर्ग करावा म्हणून उच्च न्यायालयात अर्ज केला आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सातारा, कोल्हापूर दोन्ही जिल्हे त्यात आले. पूर्वी याच कामाला मुंबई गाठावी लागायची. हा अर्ज अजून प्रलंबित आहे. भंगाच्या गुन्ह्यात दोषारोपपत्र गेलंय, साक्ष व्हायची आहे. मधल्या काळात आजोबा दोनदा नातवाला घेऊन कोल्हापूरला जाऊन आले, पहाटेच्या एसटीनं, कराडला चहा पिऊन.

गेल्या महिन्यात नवऱ्यानं कोरेगावच्या कोर्टात अर्ज केला की संरक्षण आदेश शिथिल करावा. कोर्ट वेगळं, अर्ज नवा, म्हणून नोटीस पुन्हा माहेरच्या पत्त्यावर गेली. तोच बेलीफ. या वेळी तिच्या वडिलांनी त्याला ओसरीवर बसवलं, तांब्याभर पाणी दिलं, सही केली आणि मी सांगितलं होतं तसं सहीखाली लिहिलं: सकाळी ११.२०. मग नातवाच्या मोबाइलवरच्या खेळातून फोन सोडवून घेऊन त्यांनी पानांचे फोटो काढले आणि लेकीला पाठवले. शेवटचा फोटो थोडा हलला होता. पाठोपाठ त्यांचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला: "घेतलं समन्स. समदी पानं झटकून बघितली. आत चिठ्ठी न्हाई."